एकोणसाठची खूण

दर सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, सासूबाई सुनेला काट्यावर चढवत.

काटा घरचाच होता. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार आणि मधे एक जाड पडदा. सासऱ्यांना सगळा रस्ता 'काटेवाले' म्हणे. भाजीवाल्याचा तराजू असो, पोस्टातला असो, भंगारवाल्याचा असो, बिघडला की त्यांच्याकडे येई. दुकानाच्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा मोठा काटा उभा होता. खाली माणूस उभं राहील एवढी लोखंडी फळी, मागे खांब, खांबावर आकड्यांची आडवी दांडी आणि दांडीवर सरकवायचं मुठीएवढं वजन. दांडी अधांतरी स्थिर झाली की त्या वजनाखालचा आकडा तो तुमचा. काटेवाले म्हणत, "देवाच्या दारात आणि या फळीवर माणूस सारखाच. लाच चालत नाही."

त्या दांडीवर, एकोणसाठच्या आकड्याशी, सासूबाईंनी खडूने खूण केली होती. सून लग्न होऊन आली तेव्हा चोपन्न किलो होती. नऊ महिन्यांत पाच किलो, त्याच्या वर गुंजभर नाही, असा त्यांचा हुकूम.

"सत्तावन्न आणि वर थोडं," सासूबाईंनी वजन सरकवत म्हटलं. "गेल्या सोमवारपेक्षा पाव किलो वाढलीस."

"सातवा लागलाय, आई. वाढणारच ना."

"वाढणारच म्हणे. पोट एकच असतं, सूनबाई. त्यात अन्नानं राहायचं की बाळानं, ते तूच ठरव. आज संध्याकाळचं जेवण बंद. पेज घे वाटीभर."

सून काट्यावरून उतरली. चप्पल घालायला खाली वाकली तर सासूबाई म्हणाल्या, "असं नाही वाकायचं, बैस आणि घाल." बसली तर म्हणाल्या, "उंबऱ्यात नको बसू, बाळ दारात अडतं." दोरीवर कपडे टाकायला हात वर केला की "नाळ गळ्याभोवती गुंडाळायची आहे का?" दुपारी आडवी झाली की "आळशी पोर होईल, ऊठ, फरशी पूस. उकिडवी बसून पूस, म्हणजे वाट मोकळी होते." दूध बंद, कारण बाळाच्या अंगाला साय चिकटते. अंडं बंद, कारण उष्ण. केळं बंद, कारण थंड. सून एकदा म्हणालीही होती, "उष्ण बंद, थंड बंद. मग कोमट काय ते सांगा, तेवढंच खाते." त्या दिवशी तिला कोमट पाणी मिळालं होतं.

खाण्याचं कपाट कुलपात असे आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला. नवरा मालाच्या ट्रकवर. पंधरा दिवसांनी घरी येई, एक दिवस झोपे, एक दिवस जेवे आणि जाताना म्हणे, "आईला अनुभव आहे." सुनेने एकदा विचारलं, "कशाचा?" त्याने विचार केला आणि म्हणाला, "माझाच की. मी झालोच ना धडधाकट."

आता एक गोष्ट सासूबाईंच्या ध्यानात आली नव्हती. दुकानातलं बारीक काम गेली दोन वर्षं सूनच करत होती. काटेवाल्यांची नजर अधू झाली होती. भिंग लावून आकडे वाचत, पण कानस आणि स्क्रू ड्रायव्हर त्यांनी सुनेच्या हाती दिले होते. "हिच्या बोटांत जीव आहे," ते गिऱ्हाइकांना सांगत. तिला त्यांनी मनापासून शिकवलं होतं. त्यातच हेही शिकवलं होतं की दांडीवरच्या सरकत्या वजनाच्या पोटात एक पोकळी असते. वर स्क्रूचं झाकण. वजन हलकं भरलं तर आत पितळेचे बारीक तुकडे टाकायचे, जड भरलं तर काढायचे. तुकडे जास्त पडले की काटा माणसाला हलकं दाखवतो.

पाचव्या महिन्यात, सलग तिसऱ्या पेजेच्या संध्याकाळनंतरच्या सकाळी, सुनेने ते झाकण पहिल्यांदा उघडलं. सासरे पोस्टात गेले होते. पितळेचा मटाराएवढा एक तुकडा आत टाकला, रिकामी दांडी पुन्हा समतोल करून ठेवली आणि हात पुसले. त्या सोमवारी ती वाढली नव्हती. सासूबाईंनी पूर्ण ताट वाढलं.

मग दर आठवड्याला एक तुकडा. जशी ती वाढे, तसं ते वजन आतून भरत जाई. दांडीवरचा आकडा मुंगीच्या पावलाने पुढे सरके आणि सासूबाई खुशीत म्हणत, "बघ, माझं ऐकलंस तर कशी आटोक्यात आहेस." सून घास चावत मान डोलावे. पाप लागत असेल तर लागो, असं तिने देवाला स्पष्ट सांगून टाकलं होतं. पोटातलं लाथ मारी तेव्हा तिला वाटे, देवाने ऐकलं आहे आणि फारसं मनावर घेतलेलं नाही.

गडबड झाली ती दवाखान्याच्या कार्डामुळे.

रस्त्याच्या टोकाला बायकांचा दवाखाना होता. तिथल्या नर्सबाई दर महिन्याला तपासत आणि कार्डावर वजन लिहीत. सासूबाई सोबत जात, बाकावर बसत आणि नर्सबाईंच्या प्रत्येक वाक्याला नाक मुरडत. आधीच्या महिन्यातला किलोभराचा फरक त्यांनी साडी-चपलेवर घातला होता. त्या महिन्यात नर्सबाई म्हणाल्या, "साठ. छान चाललंय."

सासूबाई ताडकन उठल्या. "साठ कसं? आमच्या घरी पावणेअठ्ठावन्न भरली, परवाच."

"घरचा काटा चुकत असेल, आजी."

हे वाक्य नर्सबाईंनी दुसऱ्या कुणालाही म्हटलं असतं तर खपलं असतं. काटेवाल्याच्या बायकोला म्हटलं. सासूबाई घरी येईपर्यंत धुमसत होत्या. पडदा सारून त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "तुमचा काटा खोटा म्हणाली. भर दवाखान्यात. चार बायकांसमोर."

काटेवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. राग त्यांना क्वचितच येई, पण आला की तो कामाच्या रूपाने बाहेर पडे. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात जाऊन सांगून आले, "तुमचा काटा जड दाखवतो. मी नीट करून देतो, पैसे नकोत."

आता दवाखान्याचा काटा तपासायचा तर वीस-वीस किलोची लोखंडी वजनं सरकारी वजनमाप कचेरीतून आणायला हवीत. कचेरी लांब, काटेवाल्यांची पाठ गेलेली, दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी पूर्वीपासून एक तोड काढली होती. घरच्या काट्यावर बरोबर वीस किलो भरेपर्यंत पिशवीत वाळू घालायची, अशा तीन पिशव्या हमालाकडून वर चढवायच्या आणि त्यांच्यावर बाहेरचा काटा जुळवायचा. आपल्या काट्यावर त्यांचा इतका भरवसा, की त्यात काही वावगं त्यांना कधी वाटलंच नाही.

त्यांनी पिशव्या भरल्या तेव्हा सून समोर होती. तिला दिसत होतं. घरच्या काट्यावरचे वीस म्हणजे खरे वीसच्या वर पाऊण किलो. शब्द अगदी ओठांवर आला. तेवढ्यात पडद्याआडून सासूबाई ताट घेऊन आल्या. ताटात दोन पोळ्या होत्या, वर भाजी होती. सुनेने ताट घेतलं. नंतर सांगू, असं तिने ठरवलं. नंतर म्हणजे कधी, ते ठरवलं नाही.

काटेवाल्यांनी दवाखान्याचा काटा 'नीट' केला, त्यावर आपल्या सहीची चिठ्ठी चिकटवली आणि समाधानाने घरी आले.

पुढच्या महिन्यात नर्सबाईंनी सुनेला काट्यावर चढवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एकोणसाठ. मागच्या वेळी साठ होतीस. उतरलीस?" मग सासूबाईंकडे वळल्या. "आजी, घरात जेवायला घालता का नाही हिला?"

"उतरली तर उत्तम. सोपी सुटेल."

"सुटेल म्हणे. आठवा लागलाय, या दिवसांत उतरायचं नसतं. तुम्ही उपाशी ठेवताय पोरीला?"

"मी दोन पोरं काढलीत, बाई. तुम्ही किती?"

नर्सबाईंना एकही नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला. बाकावरच्या बायका जमिनीकडे बघू लागल्या, पण कान टवकारून. आणि त्या दिवशी त्यांचीही तीच गत झाली. एकामागून एक चढल्या, एकामागून एक उतरल्या. बारा जणी, बाराही जणींचं वजन घटलेलं. नर्सबाईंनी बारा सासवांना, आयांना आणि एका नवऱ्याला असं फैलावर घेतलं, की रस्त्यावर महिनाभराचा विषय झाला. काट्याची शंका त्यांना आली, नाही असं नाही. त्यांनी काटेवाल्यांना बोलावलं. ते पिशव्या घेऊन गेले, एकेक ठेवून दाखवली. वीस, चाळीस, साठ. "माझा काटा माणसाची भीड ठेवत नाही," ते म्हणाले. "बायका उपाशी असतील, बाई."

सुनेच्या कार्डावर नर्सबाईंनी लाल पेनने रेघ मारली. "गुरुवारी मोठ्या डॉक्टरीणबाई येतात. तुझं पोट मापाने ठीक वाटतंय, पण वजन घटलंय, तेव्हा निर्णय त्याच घेतील. बहुतेक ठेवून घेतील. आणि बाळाची वाढ थांबली असं वाटलं तर महिनाभर आधीच मोकळी करतील."

"आधीच?" सुनेने विचारलं.

"आत उपाशी राहण्यापेक्षा बाहेर बरं."

वाटेत सासूबाई खुशीत होत्या. "महिनाभर आधी म्हणजे लहानच असणार. माझंच म्हणणं शेवटी त्यांच्या तोंडून आलं." सून रस्त्याच्या कडेने चालत राहिली. बोलावं तर कपाटाला कुलूप, पेज आणि उरलेला सगळा महिना. न बोलावं तर धडधाकट बाळाला अपुऱ्या दिवसांचं बाहेर ओढतील, आणि तेही तिनेच टाकलेल्या पितळेच्या तुकड्यांमुळे. विचार करता करता तिने घर गाठलं, तोवर तिच्यापुरता निकाल लागला होता.

बुधवारी दुपारी काटेवाले एका तराजूच्या साखळ्या ओवत बसले होते. सून त्यांच्यासमोर जाऊन बसली. मोठ्या काट्यावरचं सरकतं वजन तिने काढून आणलं होतं. तिने झाकण उघडलं आणि ते टेबलावर उपडं केलं. पितळेचे तुकडे टकटक पडले. एक घरंगळत सासऱ्यांच्या बोटांपाशी गेला.

"हे मी घातले, बाबा. तीन महिने घालतेय."

काटेवाल्यांनी तुकडा उचलला, चोळला, दाताखाली धरला. मग ते रिकामं वजन तळहातावर घेऊन अंदाज घेतला. ही गोष्ट त्यांच्या हाताला कधीच कळली असती, पण हातात घेण्याची वेळच त्यांनी स्वतःवर येऊ दिली नव्हती.

"पिशव्या," ते एवढंच म्हणाले.

"हो. पिशव्याही चुकल्या. दवाखान्याचा काटा चुकला. त्या बारा बायकाही उतरलेल्या नाहीत. मीपण नाही. मी साडेएकसष्ट आहे."

पडदा सरकला. सासूबाई कधीपासून उभ्या होत्या, देव जाणे.

"साडेएकसष्ट," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता. "गिळत होतीस. माझ्या ताटातून, माझ्या डोळ्यांसमोर, मला फसवून गिळत होतीस. पितळ उघडं पडलं म्हणतात ते हेच."

"भूक लागायची, आई."

"भूक. मला नव्हती लागत भूक?" सासूबाई पुढे आल्या. "आता अडेल. तुला ठाऊक आहे अडणं म्हणजे काय? दोन दिवस अडली होती माझी पहिली. चार किलोची पोर. मीच खाल्लं होतं ना वेड्यासारखं, लपूनछपून, तुझ्यासारखंच. मला शुद्ध नव्हती, तोंडसुद्धा दाखवलं नाही मला तिचं. यांनी याच दुकानात, त्या लहान पारड्यात तोलली तिला. चार किलो! दुसऱ्या वेळी मी अर्धपोटी राहिले तर हा तासाभरात झाला. आणि तू मला शिकवतेस भूक?"

हे सुनेला कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही बहुधा नसावं.

काटेवाले पितळेचे तुकडे एकेक करून गोळा करत होते. पाच गोळा केले, सहाव्याशी थांबले.

"दोन," ते म्हणाले.

"काय दोन?"

"चार नव्हती. पोर दोन किलोसुद्धा नव्हती. त्यातही थोडं कमीच."

रस्त्यावरून हातगाडी गेली. काटेवाल्यांनी सहावा तुकडाही बाकीच्यांत ठेवला.

"माझ्या आईनं तुला त्या वेळी पेजेवर ठेवलं होतं," काटेवाले टेबलाकडे बघत म्हणाले. "पोर आडवी होती, म्हणून अडली. सुईणीने मला बाजूला घेऊन सांगितलं. आणि पोटात असताना पोसलीच नाही, म्हणाली, तग धरायला जीव कुठून येणार. मी तोलली आणि बाहेर आलो तर आईनं विचारलं, किती? दोन सांगितलं असतं तर आईनं मारली असं झालं असतं. गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती तिला. मी चार सांगितलं."

"आणि मला?"

"तुलाही मग तेच सांगावं लागलं."

सासूबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. रडतील असं सुनेला वाटलं, पण त्या रडल्या नाहीत. तीस वर्षं ज्या बाईने एका मेलेल्या लेकराचं वजन स्वतःच्या जिभेवर घेतलं, एकेक घास मोजून, पुढे सुनेचाही मोजून, तिला रडणं एवढ्या स्वस्तात येत नाही.

"गिऱ्हाइकांना सांगता," त्या सावकाश म्हणाल्या, "या फळीवर लाच चालत नाही म्हणून."

काटेवाल्यांनी उरलेले तुकडे मुठीत गोळा केले.

सासूबाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि काट्याच्या लोखंडी फळीवर आपटली. सुनेला वाटलं, आता प्रेमाचे दोन शब्द बोलतील. त्या वळून म्हणाल्या, "तुलाही मी माफ केलेलं नाही. चोरी ती चोरी. ते वजन नीट भर, आणि उद्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसायचं नाही."

गुरुवारी तिघंही दवाखान्यात गेली. लोखंडी वजनं या खेपेला रीतसर कचेरीतून आणून हमालाकडून वर चढवली. काटेवाल्यांनी बारा बायकांसमोर आपल्या सहीची चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि म्हणाले, "काटा माझ्या घरातून बिघडला. चूक माझी." सुनेचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण तिने उठून स्वतःच सांगितलं. बाकावर कल्लोळ झाला.

"म्हणजे आमची सून उतरली नव्हतीच?" एक सासू कडाडली. "तुमच्या नादानं तेव्हापासून रोज दोन अंडी चारली तिला!"

"मग परत मागा," तिची सून म्हणाली. कार्डाने तोंड झाकून ती हसत होती.

नर्सबाई हसल्या नाहीत. काटेवाल्यांना त्यांनी जे सुनावलं ते ऐकून जिन्यावरचा हमालसुद्धा दोन पायऱ्या खाली उतरला. मग त्यांनी सुनेला फळीवर चढवलं. साडेएकसष्टच्या किंचित पुढे. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पोट मापलं, ठोके ऐकले आणि लाल रेघेवर निळी रेघ मारली. घरी जा म्हणाल्या. दिवस भरू द्या.

सासूबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. त्या उठल्या, काट्याजवळ आल्या आणि आकडा पुन्हा पुन्हा वाचला. "अडली तर?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यात भांडण नव्हतं.

"तर आम्ही आहोत ना."

"तेव्हा कुणी नव्हतं," सासूबाई म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या. कठड्याला धरून, कुणाचाही हात न घेता.

त्या दिवसापासून कपाटाला कुलूप नाही. सून काय खाते, किती खाते, सासूबाई बघत नाहीत. बघायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटतात. सोमवारी काट्यावर कुणी चढत नाही. खडूची खूण मात्र दांडीवर तशीच आहे. ती पुसायचं सुनेचं धाडस झालेलं नाही.

काटेवाल्यांचं ताट मात्र आता तोलून येतं. दुकानातला लहान तराजू सासूबाईंनी स्वयंपाकघरात नेला आहे, तोच. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात पोळी. किती तोलायचं हे त्यांनाच ठाऊक. पेजेवरच्या दिवसांत आपल्याला किती मिळायचं हे त्या विसरलेल्या नसणार. काटेवाले समोर येतं ते खातात आणि ताट धुऊन ठेवतात. पुन्हा वाढ असं म्हणत नाहीत.

परवा सुनेला राहवलं नाही. तिने आपल्या ताटातली अर्धी पोळी उचलली आणि पलीकडे बसलेल्या सासऱ्यांना द्यायला हात लांब केला.

"हात वर करू नकोस," सासूबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "नाळ गुंडाळते."

सुनेने हात खाली घेतला. पोळी दोघांच्या मधे, जमिनीवरच्या ताटलीत ठेवली. काटेवाल्यांनी तिला हात लावला नाही. त्यांचं जेवण झालं होतं.